दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याकडून मुलांसाठी दरमहा पैसे : वहिनी नको म्हणते (टेक्सास)

आत्या_प्लेनो

नमस्कार मंडळी. इथे मी एरवी नुसती वाचत असते, पण आता घरात कोणाशी बोलून उपयोग नाही म्हणून विचारतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ गेल्या हिवाळ्यात गेला. रात्री ऑफिसातून येताना फ्रंटेज रोडच्या सिग्नलला उभा होता, मागून एका पिकअप ट्रकने उडवलं. चालवणाऱ्याच्या रक्तात कायद्याच्या ०.०८ च्या मर्यादेच्या दुपटीहून जास्त दारू निघाली. भाऊ ३८ वर्षांचा होता. मागे वहिनी, नऊ वर्षांचा भाचा आणि चार वर्षांची भाची.

त्या माणसावर इन्टॉक्सिकेशन मॅन्सलॉटरचा (नशेत गाडी चालवून जीव घेतल्याचा) खटला चालू आहे. आता प्ली (गुन्हा कबूल करून तडजोड) होईल असं दिसतंय. डीएच्या (सरकारी वकिलाच्या) ऑफिसातून बाधितांना मदत करणाऱ्या बाईंचा फोन आला आणि मागोमाग एक जाडजूड पाकीट. त्यात मुलांच्या महिन्याच्या खर्चाचा एक तक्ता भरायचा आहे. त्या म्हणाल्या, आईवडिलांपैकी कोणी असं गेलं तर गुन्हेगाराने मुलं मोठी होईपर्यंत दरमहा रक्कम द्यायची असा कायदा टेक्सासमध्ये झालाय. वहिनीने पहिलं पान वाचलं, पाकीट परत बंद केलं आणि विजेच्या बिलांच्या ड्रॉवरमध्ये टाकलं. म्हणाली, "मला त्या माणसाचं नाव माझ्या बँकेच्या स्टेटमेंटवर बघायचं नाहीये."

तिचे वडील साताऱ्याहून फोनवर म्हणतात, रक्ताचे पैसे आहेत, घरात नकोत. माझी आई बरोबर उलटं म्हणते. दर महिन्याला पैसे भरताना त्याला आठवण होऊ दे, म्हणते. दोघांचं ऐकून घेते आणि फोन ठेवते, दुसरं काय करणार.

मला विचारायचंय ते असं. वहिनीला नाही म्हणता येतं का? घेतले तर त्या माणसाशी संबंध ठेवावा लागतो का? तो तुरुंगात गेल्यावर देणार कोण? तो २६ वर्षांचा आहे, छपरं घालायचं काम करतो, त्याच्याकडे आहे काय! आणि हे घेतलं तर भरपाईसाठी वेगळा सिव्हिल दावा करता येत नाही का? वहिनी पुण्याला परत जायचंही मधूनमधून बोलते, तेव्हा काय होणार?

"वकील गाठा" एवढंच लिहू नका प्लीज. वकील आहे. पण तो सिव्हिलचा, क्रिमिनल बाजूचं विचारलं की डीएकडे बोट दाखवतो, आणि डीएचे लोक सिव्हिलचं विचारलं की त्याच्याकडे.

रानजाई

वाचून हात थरथरले. तुमच्या सगळ्यांना बळ मिळो.

माझं मत विचाराल तर वहिनींचं बरोबर आहे. बाप गेला आणि त्याच्या बदल्यात महिन्याला काही डॉलर, हे ऐकायलाच कसं वाटतं. दर महिन्याला जखमेवरची खपली निघणार. आणि तो मुलगा २६ चा. उद्या त्यालाही मुलं होतील, तो त्यांना काय घालणार? तुरुंगवास भोगतोय ना, ती शिक्षा पुरे नाही का?

जुनी_कारकून

मी ह्यूस्टनमध्ये अपघाताच्या केसेस करणाऱ्या वकिलांकडे बरीच वर्षं पॅरालीगल (वकिलांची मदतनीस) होते. आता निवृत्त आहे. मी वकील नाही, हे आधीच सांगते. पण या फायलींचा वास मला अजून येतो.

आत्याबाई, आधी एक गोष्ट. घ्यायचे की नाही हा प्रश्न तुमच्या वहिनींच्या हातात फारसा नाहीच. टेक्सासच्या क्रिमिनल प्रोसीजर कोडमध्ये ४२.०३७५ नावाचं कलम १ सप्टेंबर २०२३ पासून आलं. त्यात शब्द आहे 'शॅल'. म्हणजे इन्टॉक्सिकेशन मॅन्सलॉटरमध्ये दोषी ठरला आणि मरणाऱ्याला लहान मूल असलं, तर न्यायाधीशाने ही रक्कम ठरवायचीच. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत किंवा हायस्कूल संपेपर्यंत, जे नंतर असेल तोवर. आईची परवानगी कोणी विचारत नाही, कारण पैसे आईचे नाहीत, मुलांचे आहेत. वहिनी एकच गोष्ट करू शकतात, ती म्हणजे कागद न देणं. मग न्यायाधीश अंदाजाने आकडा टाकेल, आणि असा आकडा कमीच असतो. म्हणजे नको म्हणून फक्त रक्कम घटते, आदेश काही टळत नाही.

त्या माणसाशी बोलायचं? मुळीच नाही. पैसे तो प्रोबेशनच्या (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवणाऱ्या) खात्याकडे किंवा कोर्ट सांगेल त्या एजन्सीकडे भरतो आणि तिथून ते मुलांच्या पालकाकडे येतात. सेंटेन्सिंगच्या (शिक्षा ठरायच्या) आधी सरकारी वकिलाला सांगून ठेवा की थेट देणंघेणं नको, मधल्या खात्यामार्फतच हवं, आणि पत्ता वहिनींचा नको. पत्त्याची काळजी सगळ्यांनी घ्यायला हवी, पण घेत कोणी नाही.

आता जिथे लोक फसतात ती जागा. तुम्ही म्हणता प्ली होईल. प्ली कशाची? मुलांच्या रकमेचं हे कलम ४९.०८ खाली, म्हणजे इन्टॉक्सिकेशन मॅन्सलॉटरखाली, दोषी ठरलं तरच आपोआप लागू होतं. वाटाघाटीत आरोप खाली आला, समजा क्रिमिनली नेग्लिजंट होमिसाइडवर (निष्काळजीपणाने मृत्यू) आला, तर ही सक्ती गेली. साधं रेस्टिट्यूशन (गुन्हेगाराने द्यायची भरपाई) मागता येतं, पण मग ते मागावं लागतं, भांडावं लागतं. त्यामुळे डीएच्या ऑफिसला आजच ईमेल करा : "मुलांसाठीचं ४२.०३७५ खालचं रेस्टिट्यूशन आम्हाला हवं आहे, आरोप बदलणार असेल तर आधी कळवा." फोनवर सांगू नका. फोनवर सांगितलेलं फायलीत राहत नाही.

तक्त्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण खरं काम तिथेच आहे. न्यायाधीशाने काय काय बघायचं ते कलमात दिलंय : मुलाच्या गरजा आणि त्याचं स्वतःचं उत्पन्न, मागे राहिलेल्या पालकाची परिस्थिती, मूल ज्या राहणीला सरावलं होतं ती राहणी, मुलाची तब्येत आणि मनाची अवस्था, शिक्षण, ताबा कोणाकडे, पालक नोकरीला जातो म्हणून होणारा पाळणाघराचा खर्च, आणि शेवटी आरोपीची ऐपत. हे वाचून लोक लिहितात, "जेवण ४००, कपडे १००, शाळा १००." असे गोल आकडे दिसले की समोरचा वकील हसतो.

तसं करू नका. वहिनींसोबत बसा, भाऊ जायच्या आधीच्या वर्षाचं बँकेचं आणि कार्डाचं स्टेटमेंट काढा आणि मुलांच्या नावावर जाईल तेवढं पिवळ्या हायलायटरने रंगवा. स्विमिंगची फी. दम्याचा पंप असेल तर औषधाच्या दुकानाची पावती. सायन्स कॅम्प. भाचीचा प्रीस्कूल. मग दुसरा रंग घ्या आणि भाऊ गेल्यामुळे नव्याने आलेला खर्च रंगवा. हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा आणि लोक तोच रिकामा सोडतात. तुमचा भाऊ मुलाला शाळेतून आणत होता का? आता आफ्टर स्कूलला पैसे जातात ना? वहिनी आधी अर्धा वेळ काम करत होत्या आणि आता पूर्ण वेळ करतात का? मग उन्हाळ्याच्या सुट्टीत पोरांना कुठे ठेवता? समुपदेशकाची फी कितीदा, विम्यातून किती परत मिळते? भाऊ घरी गणित शिकवत होता आणि आता शिकवणी लावलीत, तर तेही. त्याने फुकट केलेलं प्रत्येक काम आता विकत घ्यावं लागतंय. ते कागदावर आलं पाहिजे.

आता तुरुंग. इथे मन घट्ट करा. टेक्सासच्या तुरुंगात जवळजवळ कोणत्याच कैद्याला कामाची मजुरी मिळत नाही. एक दमडीही नाही. घरच्यांनी त्याच्या तुरुंगातल्या खात्यात पैसे टाकले तर कोर्टाच्या आदेशाने त्यातून काही कापता येतं, पण त्यावर घर चालत नाही. कायद्यालाही हे ठाऊक आहे, म्हणून त्यात लिहिलंय की आत असताना देता आलं नाही तर सुटल्यापासून जास्तीत जास्त एका वर्षात हप्ते सुरू करायचे आणि थकबाकीचीही सोय लावायची. थकबाकी बुडत नाही. तो आत असतानाच मूल १८ चं झालं तरी राहिलेलं द्यावंच लागतं.

हिशेब करून दाखवते. समजा न्यायाधीशाने प्रत्येक मुलाला महिना ६०० डॉलर ठरवले. दोघांचे वर्षाला १४,४०० झाले. तो सहा वर्षं आत राहिला तर बाहेर येताना डोक्यावर ८६,४०० ची थकबाकी आणि चालू हप्ते वेगळे. या गुन्ह्याला २ ते २० वर्षांची शिक्षा आहे, तेव्हा आकडा कुठेही जाऊ शकतो. दिवाळखोरी जाहीर करून यातून सुटता येत नाही. दारू पिऊन गाडी चालवून झालेल्या मृत्यूचं देणं दिवाळखोरीत माफ होत नाही, हे फेडरल कायद्यातच आहे. वसुली वहिनी स्वतः करू शकतात किंवा राज्याचं अॅटर्नी जनरलचं ऑफिस करू शकतं.

सिव्हिल दावा खुशाल करा. यात मिळालेली रक्कम तिकडच्या निकालातून वजा होते, एवढंच. दोन वर्षांची मुदत मात्र घट्ट लक्षात ठेवा. दावा बायको, मुलं आणि आईवडील करू शकतात. तुम्ही बहीण, तुम्हाला नाही.

रानजाई, तुमचं म्हणणं मला पटत नाही, पण एक बाजू खरी आहे. आरोपीची ऐपत बघायला कायदाच सांगतो. खरोखर नसताना पैसे भरले नाहीत म्हणून प्रोबेशन मोडून आत टाकता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८३ मध्येच जॉर्जियाच्या एका केसमध्ये ठरवलंय. आधी त्याने मुद्दाम चुकवलं का ते बघावं लागतं. त्यामुळे त्याच्या न झालेल्या मुलांची काळजी आत्ता करू नका. या दोघांची करा, ती झालेली आहेत.

आत्याबाई, आता मला एक सांगा. सोशल सिक्युरिटीचा (सरकारी पेन्शनचा) अर्ज केलाय का?

आत्या_प्लेनो

बापरे, किती नीट सांगितलंत. हायलायटरचं आजच करते.

सोशल सिक्युरिटीचं... फ्युनरल होमने त्यांना कळवलं होतं असं ते म्हणाले होते. मग २५५ डॉलरचं काहीतरी असतं असं कोणीतरी सांगितलं. २५५ साठी वहिनीला कुठे रांगेत उभं करायचं म्हणून आम्ही सोडून दिलं. भाऊ बारा वर्षं इथे नोकरीला होता, ग्रीन कार्ड होतं. मुलं इथेच जन्मली आहेत.

जुनी_कारकून

मला हीच भीती होती. खुर्चीत नीट बसून वाचा.

फ्युनरल होमने कळवलं म्हणजे मृत्यूची नोंद झाली. अर्ज नाही झाला. ते २५५ डॉलर एकरकमी असतात, ते विसरा (म्हणजे घ्या, दोन वर्षांच्या आत मागावे लागतात, पण मुद्दा तो नाही). मुद्दा आहे मुलांच्या दरमहाच्या हप्त्याचा. नोकरी करून कर भरलेला बाप गेला की प्रत्येक लहान मुलाला त्याच्या मूळ पेन्शनच्या ७५ टक्के मिळतात, १८ वर्षांपर्यंत, हायस्कूलमध्ये असेल तर १९ पर्यंत. १६ खालचं मूल सांभाळणाऱ्या आईलाही ७५ टक्के. सगळे मिळून कुटुंबाला कमाल मर्यादा असते, मूळ रकमेच्या साधारण दीडपट ते १८० टक्क्यांच्या मध्ये. भावाची मूळ रक्कम समजा २,४०० डॉलर निघाली, तर कुटुंबाला महिना साधारण ३,६०० ते ४,३२० च्या दरम्यान येतात. वहिनी नोकरी करतात म्हणून त्यांचा स्वतःचा भाग कमी होईल किंवा शून्य होईल, मुलांचा होत नाही.

आणि मागचे फक्त सहा महिन्यांचे मिळतात. सहा. भाऊ हिवाळ्यात गेला म्हणता. म्हणजे इथे आपण त्या छपरं घालणाऱ्या मुलाच्या, सात-आठ वर्षांनी येतील न येतील अशा पैशांवर वाद घालतोय, आणि तुमच्या भावाने स्वतः भरलेले पैसे महिन्यामागून महिना निघून जाताहेत. सोमवारी सकाळी फोन लावा. हा अर्ज ऑनलाइन होत नाही. मृत्यूचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, लग्नाचा दाखला, सगळ्यांचे सोशल सिक्युरिटी नंबर आणि भावाचा शेवटचा डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचा कागद) जवळ ठेवा. एखादा कागद नसला तरी फोन करा, कागद मागून देता येतो.

याला तरी रक्ताचे पैसे कोणी म्हणणार नाही. सातारच्या आजोबांनाही सांगा.

पुण्याला जायचं झालं तर मुलं अमेरिकन नागरिक आहेत, त्यांचा हप्ता भारतातही चालू राहतो. वहिनी नागरिक नसतील तर त्यांचा स्वतःचा भाग देशाबाहेर सहा महिने झाल्यावर थांबू शकतो. निघण्याआधी ऑफिसात विचारून लेखी घ्या. इथलं एक बँक खातं चालू ठेवा. रेस्टिट्यूशनच्या एजन्सीला पत्ता बदलल्याचं कळवत राहा, नाहीतर पैसे येऊन पडतात आणि घेणारा सापडत नाही.

निळू७९

मी इथे फारसं लिहीत नाही. वडील गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो, सॅन अँटोनिओजवळ, असंच. तेव्हा हा कायदा नव्हता. न्यायाधीशाने अंत्यविधीच्या खर्चाचं आणि आणखी थोडं रेस्टिट्यूशन लावलं होतं, ते तो माणूस सुटल्यावर तुकड्या-तुकड्याने भरत होता.

मला हे काहीच माहीत नव्हतं. आमच्या काकांनी ते सगळं अंगावर घेतलं होतं. कागद त्यांच्या पत्त्यावर यायचे, ते वेगळ्या खात्यात टाकायचे, आई त्या खात्याकडे बघायचीही नाही. कधी दोन-तीन महिने काही यायचं नाही, मग एकदम ४० डॉलर. मी कॉलेजात गेलो तेव्हा काकांनी पासबुक पुढे ठेवलं आणि सांगितलं काय आहे ते. मी पहिल्या वर्षी हात लावला नाही. दुसऱ्या वर्षी केमिस्ट्रीचं पुस्तक घ्यायचं होतं, तेव्हा काढले. काही झालं नाही. पुस्तकच होतं ते.

खपली निघण्याबद्दल रानजाईंनी लिहिलंय. आमच्या घरात खपली पैशाने निघत नव्हती. शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा फोन नंबर' लिहायची वेळ आली की निघायची. पैसा आला नाही म्हणून आई रात्रीची शिफ्ट करायची, ते मला जास्त लागलं.

आत्या, तुम्ही काका व्हा. म्हणजे कागदोपत्री काम तुम्ही घ्या. वहिनींना एकदाच सही करू द्या.

कोर्टाच्या_पायरीवर

सांगलीत वकिली करतो. अमेरिकेचं मला कळत नाही, पण परत यायचं चाललंय म्हणून दोन ओळी.

आपल्याकडे गुन्हेगाराने मुलांना दरमहा द्यावं असा वेगळा कायदा नाही. मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे दावा करायचा (१ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत आलीय), उत्पन्न आणि वय यावरून गुणक लावून एकरकमी भरपाई ठरते. ड्रायव्हर प्यायलेला असेल तर विमा कंपनी अंग काढायला बघते. बरीच न्यायालयं अशा वेळी 'आधी तुम्ही द्या, मग गाडीमालकाकडून वसूल करा' असा आदेश देतात. लहान मुलांचा वाटा बँकेत मुदत ठेवीत जातो, ते सज्ञान होईपर्यंत. तुमचा अपघात तिकडचा आहे, तेव्हा इकडे दावा नाही. जे करायचं ते तिथेच उरकून या, एवढंच सांगायचं होतं.

महिन्याची रक्कम थेट गुन्हेगाराच्या नावावर लावायची कल्पना मला आवडली. आमच्याकडे विमा कंपनी भरते आणि ज्याने मारलं त्याला पुष्कळदा कळतही नाही किती भरले.

रानजाई

निळू, तुमचं वाचून गप्प झाले. आईची रात्रपाळी माझ्या डोक्यातच आली नव्हती.

तरी एक विचारते. हा कायदा आला कुठून? सगळ्या राज्यांत आहे का?

जुनी_कारकून

सगळ्या नाही. मिसूरीत २०२१ मध्ये एका आजीचा मुलगा, त्याची होणारी बायको आणि चार महिन्यांचा नातू असेच गेले. मागे राहिलेली नातवंडं तिच्या पदरात आली. तिने त्यातल्या एकाच्या नावाने, बेंटलीच्या, हा मसुदा राज्याराज्यांत फिरवला. पहिलं टेनेसीने केलं, १ जानेवारी २०२३ पासून लागू. तिथे नावात आणखी दोन मुलं आहेत, चॅटनूगाच्या एका पोलिसाची, जो २०१९ मध्ये ड्यूटीवर असताना दारुड्याच्या गाडीखाली गेला. मग टेक्सास आणि आणखी काही राज्यं. ज्यांनी केलं त्यांचेही नियम सारखे नाहीत. टेनेसीत आधी सिव्हिल निकाल मिळाला असेल तर हा आदेश होतच नाही. म्हणून दुसऱ्या राज्यातल्या मावशीचा अनुभव इथे लावू नका.

आत्याबाई, आणखी तीन ठिकाणं राहिली, भराभर सांगते. भावाच्या स्वतःच्या गाडीच्या पॉलिसीत अनइन्शुअर्ड-अंडरइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हर (समोरच्याचा विमा नसला किंवा अपुरा असला तर मिळणारं) आहे का बघा. टेक्सासमध्ये ते नको असेल तर लेखी नाकारावं लागतं, त्यामुळे सही केलेला नकार कंपनीने दाखवला नाही तर ते आहे असं धरून बोला. त्या मुलाच्या ट्रकचा विमा किमान असेल तर एका माणसामागे ३०,००० डॉलर, त्यात काय होणार.

दुसरं, तो कुठे प्यायला? बारमध्ये असेल आणि समोर झिंगलेला दिसत असताना त्याला देत राहिले असतील, तर इथे त्या बारवरही दावा चालतो. खरे पैसे बऱ्याचदा तिथून येतात, कारण बारला विमा असतो. पण कॅमेऱ्याचं चित्रण पुसलं जातं. बिलं, पावत्या, चित्रण जपून ठेवा असं पत्र वकिलाने बारला पाठवलंय का, हे उद्याच विचारा. हिवाळ्यातली घटना आहे म्हणजे बहुधा त्याने तेव्हाच पाठवलं असेल. तरी विचारा. त्याला कळू दे की तुम्हाला कळतंय.

तिसरं, अॅटर्नी जनरलच्या ऑफिसचा क्राइम व्हिक्टिम्स निधी, म्हणजे गुन्ह्याच्या बळींसाठीचा. ५०,००० डॉलरपर्यंत, बाकी सगळीकडून मिळून उरलेल्या खर्चासाठी. समुपदेशन, अंत्यविधी, मुलांचं पाळणाघर, गेलेला आधार. अर्ज डीएच्या त्याच बाई भरून देतात. त्यांचं कामच ते आहे, संकोच करू नका.

मुलांच्या नावाने सिव्हिलमध्ये तडजोड झाली तर कोर्ट त्यांच्यासाठी वेगळा माणूस नेमतं आणि रक्कम मुलं मोठी होईपर्यंत बांधून ठेवतं. त्याला घाबरू नका. आजोबांना वाटेल सरकारने पैसे अडकवले. अडकवलेलेच बरे असतात ते.

आत्या_प्लेनो

उशिरा लिहितेय, माफ करा. सोशल सिक्युरिटीला फोन लागला, वहिनीच्या नावाने वेळ मिळाली आहे. फोनवरच्या बाईंनी अर्ज करायचा इरादा आजच्या तारखेने नोंदवून घेतला, म्हणजे आणखी महिना जाणार नाही म्हणाल्या. डीएला ईमेल गेला. त्यांचं उत्तरही आलं की आरोप खाली आणायचा विचार नाही.

बारचं वकिलाला विचारलं तर तो एकदम हुशारीने बोलायला लागला. पत्र गेलेलं आहे.

वहिनीला निळूंचं लिहिलेलं वाचायला दिलं. काही बोलली नाही. रात्री ड्रॉवरमधून पाकीट काढून माझ्याकडे दिलं आणि म्हणाली, "पत्ता तुमचा घाला." मग स्टेटमेंट घेऊन दोघी बसलो. नवीन खर्चाचा रकाना जुन्यापेक्षा मोठा झाला. भाऊ दर शनिवारी भाच्याचे केस घरीच कापायचा, तेही तिने लिहायला लावलं. मी म्हटलं हे कशाला, तर म्हणाली, त्या बाई म्हणाल्यात ना, फुकट केलेलं प्रत्येक काम.

एक अडलंय. भाचीच्या भरतनाट्यमच्या बाई पावती देत नाहीत, आम्ही झेलने (फोनवरून बँकेतून पैसे पाठवायची सोय) पैसे पाठवतो. ते चालेल का? आणि फी पुढच्या महिन्यापासून वाढणार आहे, ती कोणती धरायची?

जुनी_कारकून

झेलचे स्क्रीनशॉट चालतात, बारा महिन्यांचे सलग काढा, मधले गाळू नका. बाईंकडून एका कागदावर लिहून घ्या : मुलीचं नाव, कधीपासून येते, महिन्याची फी, नवी फी कोणत्या तारखेपासून. खाली सही आणि फोन नंबर. तक्त्यात जुनी फी लिहा आणि शेजारी नवी, तारखेसकट. अरंगेत्रमचा (पहिल्या जाहीर नृत्यप्रयोगाचा) खर्च मात्र आत्ता घालू नका, चार वर्षांच्या मुलीसाठी तो कोणी मानणार नाही.

केस कापायचं राहू द्या यादीत.